जादा गोळ्या ठेवायच्या कुठे?

परवा धुण्याच्या दगडावर ह्यांची पँट आपटली अन् ठण्ण आवाज झाला. वाटलं, पाचाचं नाणं असेल. खिसा उलटा केला तर इंचभर लांबीची पितळी गोळी! हातपायच गळाले. ओट्यावरून सासूबाई विचारताहेत, ‘‘हाई काय शे वं?’’

आमचा पेट्रोल पंप आहे. रात्री रोकड घेऊन धुळ्यात यायचं, म्हणून ह्यांनी रीतसर परवाना काढून खिशात मावेल असं बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं. त्याला कव्हर मिळालं, पण जादा गोळ्यांचं काय? त्या कधी शर्टाच्या खिशात, कधी किल्ल्यांच्या जुडग्यात, कधी गाडीच्या कप्प्यात. तेही खान्देशातल्या मे महिन्यात!

मी वरणगावची माहेरवाशीण. तिथल्या आयुध निर्माणीत लष्करासाठी काडतुसं बनतात, त्यामुळे काडतूस म्हणजे खेळणं नव्हे हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मग मला आजोबांची पानाची चंची आठवली. जाड कॅनव्हासची पट्टी घेतली, त्यावर इलॅस्टिक टाचून आठ घरं पाडली, वर झाकण आणि वेलक्रो. आता गोळी नाण्यांत, किल्ल्यांत मिसळत नाही, खिशातला कचरा लागत नाही, अन् एखादं घर रिकामं राहिलं तर लगेच दिसतं. आठ गोळ्यांचं वजन ते किती? साठेक ग्रॅम. स्वारी खूश!

पण पुढेच घोटाळा झाला. जळगावला लग्नाला निघालो. सफारीचा खिसा फुगतोय म्हणून हे म्हणाले, ‘‘जरा तुझ्या पर्समध्ये ठेव गं.’’ ठेवली. कार्यालयात पर्स खुर्चीवर, मी पंगतीत. येऊन बघते तर चिऊ लिपस्टिक शोधता शोधता चंची उलगडून बसलेली!

शेजारी नात्यातले निवृत्त फौजदार काका होते. त्यांनी शांतपणे चंची गुंडाळली, ह्यांच्या हातात दिली आणि मला विचारलं, ‘‘परवाना कुणाच्या नावावर आहे, ताई?’’ १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिस्तुलासारखाच गोळ्यांनाही परवाना लागतो. नवऱ्याचा परवाना म्हणजे बायकोचा परवाना नव्हे. पिस्तूल जवळ नसलं तरी नुसत्या जिवंत काडतुसांवर गुन्हा होतो. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये म्हटलंय, वस्तू जवळ असल्याची जाणीव हवी. नकळत राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण मी तर घरं मोजून शिवलेली! ‘नकळत’ कुठल्या तोंडाने म्हणणार?

२०१४ साली कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं. पर्समध्ये मावतं, असं कौतुक झालं होतं. काढणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं, की बाईची पर्स तिच्या हातात कमी अन् खुर्चीवर जास्त असते.

आता चंचीला मागून पट्टी शिवलीय, ती ह्यांच्या कमरेच्या पट्ट्यात ओवली जाते. घरी आले की गोळ्या मोजून कपाटात, कुलूपबंद. धुतलेली गोळी वेगळ्या डबीत ठेवलीय. ओली झालेली वापरायची नाही अन् कचऱ्यात तर टाकायचीच नाही; परवानाधारक दुकानदाराला विचारून तिची सोय करायची. किल्ली ह्यांच्याकडेच. माझी पैठणीही त्याच कपाटात आहे, त्यामुळे हळदीकुंकवाला निघताना आधी पंपावर फोन करावा लागतो!