दुर्बीण कीं सुरी?

गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक प्रसंग गुदरला. पुतण्यास मध्यरात्रीं पोटांत एकाएकीं असह्य कळ आली. ओवा, हिंग, शेक असे सारे घरगुती उपाय झाले. पहाटे कळ किंचित् उतरली, तेव्हां ‘निभावलें’ असें समजून आम्ही निजलों. सकाळीं पाहतों तों पोट फळीसारखें ताठ! रुग्णालयांत निदान झालें कीं, जठरालगतच्या आंतड्यास भोंक पडलें आहे. तरीहि संमतीची सही करण्यापूर्वीं आम्हां वडील मंडळींची सभा भरली. ‘पोट फाडूं नका, दुर्बिणीनेंच करा,’ हा आमचा हट्ट. त्या वादांत दोन तास गेले. मुलगा वांचला; पण तो आमच्या शहाणपणामुळें नव्हे. म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

फाटलेलें आंतडें सांधण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत परिस्रावी उदरावर उपाय सांगितला आहे: पोट उघडून छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्या, मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच ठेवावीं व वरून पोट शिवावें. अलीकडच्या काळांत कॅनडांतील शस्त्रवैद्य रॉस्को ग्रॅहम ह्यांनीं १९३७ मध्यें भोंकावर वपेचा, म्हणजे आंतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पदराचा, तुकडा बसविण्याची रीत वर्णिली. थोड्याफार फरकानें ती आजहि चालते.

दोन्ही पद्धतींत आंतलें काम एकच असतें: भोंक बुजविणें आणि पोटांत सांडलेला मळ धुऊन काढणें. भेद आहे तो वाटेचा. एकींत पोटाच्या मध्यभागीं लांब छेद घेतात. दुसरींत तीन-चार लहान छिद्रें पाडून, वायूनें पोट फुगवून, दुर्बिणीनें पाहत काम करतात. मुंबईस डॉ. तेहेमतन उदवाडिया ह्यांनीं १९९० मध्यें दुर्बिणीनें पित्ताशय काढून ही विद्या आपल्याकडे रुजविली. आंतड्याचें भोंक ह्या रीतीनें बुजविण्यास परदेशांत त्याच सुमारास आरंभ झाला.

मग श्रेष्ठ कोणती? नेदरलंड्समधील १०१ रोग्यांवरील एक चाचणी २००९ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत दुर्बिणीनें सुमारें ७५ मिनिटें लागलीं, उघड्या रीतीनें ५०. दुर्बिणीच्या रोग्यांस वेदना कमी झाल्या. परंतु रुग्णालयांतील मुक्कामांत म्हणण्यासारखें अंतर पडलें नाहीं. शिवाय रोग्याचा रक्तदाब खचला असेल, भोंक मोठें असेल, अथवा शस्त्रवैद्याचा हात दुर्बिणीस सरावलेला नसेल, तर उघडी रीतच सुरक्षित. दुर्बिणीनें आरंभ करून मध्येंच पोट उघडावें लागलें, तरी त्यांत कमीपणा नाहीं. तो विवेक होय.

खरा शत्रु आहे तो विलंब. डेन्मार्कमधील २,६६८ रोग्यांच्या पाहणींत (२०१३) असें आढळलें कीं, रुग्णालयांत आल्यावर शस्त्रक्रियेस लागणाऱ्या प्रत्येक अधिक तासागणिक जगण्याचा संभव २.४ टक्क्यांनीं घटतो. तेव्हां पोटांत एकाएकीं तीव्र कळ उठली, तर तोंडावाटे कांहीं देऊं नये. कळ उतरली म्हणून निर्धास्त राहूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें एवढेंच विचारावें, “डॉक्टर, ह्या रोग्यास कोणती रीत योग्य?” आणि उत्तर मिळतांच सही करावी.

पुतण्याच्या पोटावर आज वीतभर व्रण आहे. त्या व्रणाचें मला कांहीं वाटत नाहीं. त्या दोन तासांची मात्र लाज वाटते.