आवाज आला म्हणजे टायमिंग चेन गेली?

दिल्लीच्या उत्तर रिजवर हिंदूराव रुग्णालयाकडे चढणारा रस्ता जुन्या मोटरसायकलची चांगली परीक्षा घेतो. पंधरा-वीस वर्षांची स्प्लेंडर या चढावर दम टाकते, इंजिनातून खडखड ऐकू येते. खाली काश्मिरी गेटच्या बाजारात नेली की मिस्त्री दोन वेळा ॲक्सिलरेटर पिळून निकाल देतो, ‘टायमिंग बोल रही है.’ पुण्यात नाना पेठेत हाच निकाल मराठीत मिळतो. तो चुकीचाच असतो असं नाही. पण इंजिन उघडण्याचा खर्च मालकाच्या खिशातून जाणार असतो, म्हणून आधी चार गोष्टी नीट माहीत हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक जुन्या गाडीला टायमिंग चेन असतेच असं नाही. राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, मग त्यांची उघडझाप करवणारी चेन कुठून येणार? जुन्या बुलेटला व्हॉल्व्ह आहेत, पण त्यांचा कॅम खाली केसमध्ये गिअरवर फिरतो आणि लांब पुशरॉड वरचे व्हॉल्व्ह हलवतात. बुलेटच्या डाव्या बाजूला असते ती प्रायमरी चेन. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणं एवढंच तिचं काम. तेव्हा जुन्या बुलेटच्या बिलात ‘टायमिंग चेन’ लिहिलेलं दिसलं, तर नेमकं काय बदललं ते विचारा. १९८५ची हीरो होंडा सीडी १००, १९९४ची स्प्लेंडर, पल्सर यांच्यात कॅम हेडमध्ये असतो. खरी टायमिंग चेन तिथे असते. मागच्या चाकाच्या चेनशी तिचा काही संबंध नाही. ती इंजिनाच्या आत, तेलात फिरते.

‘चेन ताणली गेली’ असं सर्रास म्हटलं जातं. पोलाद ताणलं जात नाही, सांधे झिजतात. हिशोब करून पाहा. समजा चेनला ८० सांधे आहेत आणि प्रत्येकाची पिन व बुश मिळून फक्त ०.०२ मिलिमीटर झिजले. चेन १.६ मिलिमीटर लांब झाली. परिणाम असा की कॅम क्रँकच्या किंचित मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात नि उशिरा मिटतात, आणि कमी वेगातली ओढ घटते. रिजच्या चढावर जाणवतं ते हेच असू शकतं.

ही झीज कशाने होते? मुख्यतः खराब तेलाने. स्प्लेंडरच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी आहे, आणि क्लचच्या बाजूला फिरणारा सेंट्रीफ्युगल फिल्टर, जो घाण बाजूला फेकून साठवून ठेवतो. तो कधीतरी उघडून पुसावा लागतो, आणि बहुतेक गाड्यांचा तो वर्षानुवर्षं कुणी उघडलेलाच नसतो. मला वाटतं, या एका दुर्लक्षाने जितक्या चेन खाल्ल्या तितक्या वयाने खाल्ल्या नसतील. आवाज दाबायला घट्ट तेल ओतणं हा तर उलटा उपाय. दिल्लीच्या जानेवारीत सकाळी घट्ट तेल हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढा वेळ कॅम, रॉकर, चेन कोरडे घासतात.

आता आवाजाबद्दल. थंड गाडी सुरू केल्यावर काही सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर बहुधा चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये तेलाचा दाब भरेपर्यंतचा तो आवाज आहे. संशय टेन्शनरवर घ्या, चेनवर नंतर. एकसारखी, कोरडी टिकटिक हेडच्या वरून येत असेल तर टॅपेटची फट तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने होणारं हे काम स्वस्त आहे आणि ते आधीच व्हायला हवं. इंजिन थंड असताना जड ठक-ठक आणि गरम झाल्यावर कमी, हे पिस्टन-ब्लॉकच्या झिजेचं लक्षण. चेनचा आवाज वेगळा असतो. इंजिन गरम झाल्यावरही तो राहतो, अनियमित खळखळाट, ॲक्सिलरेटर सोडताना वाढणारा. स्प्लेंडरला तो डाव्या बाजूने येतो, कारण चेन तिथेच, मॅग्नेटच्या आत आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक केसवर ठेवून मूठ कानाला लावली की जागा बऱ्यापैकी कळते.

चेन खरंच गेली असेल तर ‘फक्त चेन टाका’ म्हणू नका. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते. कॅमचं आणि क्रँकचं स्प्रॉकेट, रबरी गाईड रोलर, टेन्शनरचा हात आणि स्प्रिंग हे सगळं एकत्र पाहावं. रबर कडक झालं किंवा त्यात खाच पडली असेल तर बदलावंच. मॅग्नेट पुलरनेच काढायला लावा. हातोडीने ठोकून काढणारा मिस्त्री क्रँकचे आटे बिघडवू शकतो, आणि ते चेनपेक्षा कितीतरी महाग पडतं.

खर्चाआधी आरसीवरची तारीखही पाहा. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवण्याविरुद्ध हरित लवादाचे २०१४-१५चे आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा असे आदेश आहेत. २०२५मध्येही न्यायालयाने त्यात लक्ष घातलं, म्हणून ताजी स्थिती विचारून घ्या. वय नोंदणीच्या तारखेपासून मोजलं जातं, नव्याने बांधलेलं इंजिन तिथे कामी येत नाही. महाराष्ट्रात मात्र तपासणी आणि पर्यावरण कर भरून फेरनोंदणी होते.

चेन बदलायचं ठरलंच, तर सर्वात जास्त घोळ जोडणीत होतो. मॅग्नेटवर दोन खुणा असतात, ‘टी’ आणि ‘एफ’. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर, ‘एफ’ स्पार्कची खूण. चेन बसवायची ती ‘टी’वर, कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूणही जागेवर ठेवून. घाईत ‘एफ’वर बसवलेली गाडी सुरूही होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ‘एक दाता इकडेतिकडे चालतो’ हे तर मुळीच मानू नका. कॅमच्या स्प्रॉकेटला २८ दाते धरले तर एक दाता म्हणजे कॅमचा जवळपास १३ अंश, आणि क्रँक दुप्पट फिरत असल्याने तिथे २६ अंश. एवढ्या चुकीने गाडी ओढत नाही, तापते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. स्पार्क मात्र याने बदलत नाही. स्प्लेंडरमध्ये त्याची वेळ मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल ठरवते.

म्हणून झाकणं लावण्याआधी, टेन्शनर बसवून झाल्यावर, प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा. ‘टी’ आणि कॅमची खूण पुन्हा एकाच वेळी जागेवर आल्या, आणि मध्ये कुठे अडकलं नाही, तरच किक मारू द्या.