सातबारावर मालकाचा रकानाच नाही

डोंबिवलीत चाळीतून किंवा भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या घरांच्या कपाटात हमखास एक प्लॅस्टिकची फाइल असते. तिच्यात जमिनीचा सातबारा, करारनाम्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे ‘इंडेक्स टू’, घरपट्टीच्या पावत्या आणि विजेची बिले जपून लावलेली असतात. इमारतीच्या जिन्यापाशी महापालिकेची नोटीस लागली की तीच फाइल हातात घेऊन माणसे विचारतात, ‘एवढे कागद आहेत, मग घर बेकायदा कसं?’

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींबाबत हा प्रश्न हजारोंना पडला. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. राहणाऱ्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर मात्र कागदांवरच्या शब्दांत दडले आहे, कारण यातले कितीतरी शब्द मुळात वसुलीसाठी जन्मले. ‘तहसील’ या अरबी शब्दाचा अर्थच वसुली. ‘महसूल’ त्याच धातूतून आला.

गैरसमज : सातबारावर नाव लागले की मालकी पक्की.

वस्तुस्थिती : गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ झाला. उतारा नीट वाचला तर नावाच्या रकान्यावर ‘मालक’ असे लिहिलेले नसते. तिथे शब्द असतो ‘भोगवटादार’. म्हणजे जमीन धारण करून तिचा उपभोग घेणारा. तो ‘वर्ग 2’चा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला जमीन विकताही येत नाही.

सातबारा बिनकामाचा आहे, असा याचा अर्थ नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण उलट सिद्ध होऊ शकते. फेरफाराचे, म्हणजे या नोंदीत होणाऱ्या बदलाचेही तसेच. गाव नमुना 6 मधल्या फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले आहे.

गैरसमज : महापालिका घरपट्टी घेते, म्हणजे तिला इमारत मान्य आहे.

वस्तुस्थिती : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत सर्वाधिक घरे याच समजावर घेतली गेली असतील. कर इमारत उभी आहे म्हणून लागतो. ती कायदेशीर आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 267अ मध्ये तर अनधिकृत बांधकामावर करापलीकडे ‘शास्ती’ लावण्याची तरतूद आहे, आणि ती कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. शासन, शास्त्र आणि शिष्य या शब्दांचा जो ‘शास्’ धातू, त्यातूनच शास्ती आली, अर्थ शिक्षा. कर किंवा शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही त्याच कलमात लिहिले आहे.

म्हणून पावती हातात आली की त्यावर शास्तीची रक्कम आहे का, ते आधी पाहावे. ती असेल, तर जो कागद पुरावा म्हणून जपला जातो, तोच घराविरुद्ध बोलत असतो.

गैरसमज : नोंदणी झाली, रेराचा क्रमांक मिळाला, म्हणजे सरकारने सगळे तपासले.

वस्तुस्थिती : दुय्यम निबंधक दोन पक्षांत झालेल्या दस्ताची नोंद करतो. इमारतीच्या नकाशाला मंजुरी देणे त्याचे काम नव्हे. त्या 65 इमारतींच्या प्रकरणात महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणीसाठी जोडलेल्या बांधकाम परवानग्याच बनावट निघाल्या. क्रमांक खरा होता, त्यामागचा कागद खोटा.

गैरसमज : ओसी नंतर मिळतेच, राहायला जायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. सातबारावरचाच ‘भोगवटा’ इथे पुन्हा भेटतो, पण देणारा वेगळा. सातबारा महसूल खात्याचा. हे प्रमाणपत्र महापालिकेचे. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाले असून ते वापरायला योग्य आहे, असे ते सांगते. शीळफाट्याजवळ बांधकाम सुरू असलेल्या एका अनधिकृत इमारतीत कुटुंबे राहायला गेली होती. 4 एप्रिल 2013 रोजी ती कोसळली आणि 74 जणांचा जीव गेला.

घर घेणाऱ्याने बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्यावी आणि महापालिकेच्या नगररचना विभागातल्या मूळ नोंदीशी ताडून पाहावी. तिथे दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे : अर्जाला 10 रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवसांची मुदत. टोकन देण्याआधी हे 30 दिवस थांबावे.