उत्तम चाळणी, पण भरवशाचे काय?

रेडिओची खुंटी फिरवून आपण नागपूर केंद्र लावतो, तेव्हा हवेतल्या असंख्य लहरींतून एकच निवडतो. धान्य चाळावे तसेच हे. मोबाइलच्या मनोऱ्यालाही अशी चाळणी लागते. तुमच्या फोनची लहर तेथे पोचेपर्यंत अगदी क्षीण होते. शेजारच्या लहरींचा गलका वगळून ती टिपायची, तर चाळणी बारीक हवी. पण साध्या धातूची चाळणी जितकी बारीक करावी, तितकी लहरीची शक्ती तिच्यातच उष्णता होऊन मुरते.

येथे अतिवाहक कामी येतो. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओन्स यांना आढळले की, पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. पुढे १९८७ साली असे एक संयुग सापडले की, त्याला सुमारे उणे १८० अंशांची थंडी पुरते. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यात ठेवतात, त्यातला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. म्हणजे तो पुरेसा आहे.

मग अडले कोठे? भांड्यात नायट्रोजन वेळेवर भरला नाही, तर कांड्या वाया जातात. मनोऱ्यापाशी तर तो भरायला माणूसच नसतो. म्हणून तेथे विजेवर चालणारे शीतयंत्र बसवतात. आता पाहा, ते थांबले की चाळणी अतिवाहक राहत नाही आणि लहर अडते.

समजा, असे यंत्र सरासरी पाच वर्षांतून एकदाच बिघडते. वाईट नाही! पण कंपनीचे मनोरे १००० असतील, तर वर्षाला २०० बिघाड, म्हणजे आठवड्याला जवळजवळ चार. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांवर! बिघाड झाल्यास लहरीला दुसऱ्या वाटेने नेण्याची सोय करतात खरी. पण ती कळही बिघडू शकतेच की!

अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात अशा चाळण्या काही हजार मनोऱ्यांवर बसल्या. तरी किंमत आणि ही धास्ती यांमुळे त्यांचा प्रसार मर्यादितच राहिला.

गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. रात्री कुणाला साप चावला आणि १०८ क्रमांक लावायचा असला, तर आपल्याला सर्वांत बारीक चाळणी नको असते. हमखास चालणारी हवी असते.