एकदा दोघांनीच जाऊन या!

वाचकहो, एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुम्ही आणि तुमची घरधनीण, दोघेच, शेवटचे कधी गावाबाहेर पडला होता? लग्नाला गेलेले धरायचे नाही. तेराव्याला गेलेलेही नाही. दवाखाना, बँक आणि तहसील तर मुळीच नाही. नुसते पाहायला, फिरायला म्हणून कधी?

आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली आणि मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मग गेल्या उन्हाळ्यात ठरवले. लाखोळी निघाली होती, बांधावरचा मोह वेचून झाला होता, आणि उन्हाळी धानाचे पाणी आमच्या वाट्याला नव्हते, त्यामुळे शेत रिकामेच होते. घरी म्हटले, "चाल, दोन दिवस फिरून येऊ." ती म्हणाली, "अजी, लोक काय म्हणतीन? आन् म्हशीचं कोण पाहीन?" म्हशीचे सूनबाईने पाहिले. लोक दोन दिवस बोलले, मग त्यांनाही दुसरा विषय मिळाला.

आमचे गाव मोहाडी तालुक्यात. मोटारसायकल घरचीच. पहाटे साडेचारला निघालो. वैशाखातले ऊन म्हणजे काय ते आपल्या भागात सांगायला नको. तुम्ही जाल तेव्हा एक नियम पाळा. अकराच्या आत जे पाहायचे ते पाहून घ्यायचे, आणि चार वाजेपर्यंत झाडाची किंवा देवळाची सावली सोडायची नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि डबकीत आंबील. आंबील आम्ही दोन वेळची नेली होती, ती पहिल्याच दुपारी संपली.

भंडारा शहर आपण शंभरदा पाहिले आहे, पण कामाच्या घाईत. म्हातारी माणसे अजून 'भनारा' म्हणतात, त्यांना हसू नका. छत्तीसगडातल्या रतनपूरच्या १११४ सालच्या शिलालेखात 'भाणारा' असेच नाव आहे. किल्ल्यात तुरुंग असल्यामुळे तो बाहेरूनच पाहायचा. खांब तलावापाशी थोडे थांबलो. मग पितळी भांड्यांच्या दुकानापुढे हिची पावले अडखळली. भंडाऱ्याचे पितळ एके काळी दूरदूर जात असे. स्टील आले आणि ठोके कमी झाले. हिच्या आईने आंदणात दिलेला गुंड आम्ही एका दुष्काळी वर्षी मोडीत घातला होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

तिथून आंभोरा. हे ठिकाण नागपूर जिल्ह्यात येते, पण नदीचा एक काठ आपलाच. वैनगंगेला इथे कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या नद्या भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' हा मराठीतला जुना ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, इथे लिहिला असे आपल्याकडे मानतात. आंबेजोगाईचे लोकही तोच हक्क सांगतात. भांडण विद्वानांचे आहे, आपण दोन्ही ठिकाणी नमस्कार करावा. पूर्वी इथे डोंग्यातून यावे लागे. आता तारांनी तोललेला मोठा पूल झाला आहे आणि खांबावर उंच गॅलरी आहे. वर गेलो तेव्हा हिने माझा सदरा मागून घट्ट धरला होता.

पण खरे पाहण्यासारखे आहे ते पवनी. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे साधारण ४५ किलोमीटर. एका अंगाला वैनगंगा आणि बाकी अंगांना मातीचा जुना तट व खंदक, असे हे गाव. जुन्या दरवाजातून आत शिरताना आपोआप मान वर होते. देवळे इतकी, की मोजायला बसलात तर दुपार सरेल.

बालसमुद्र तलावाजवळ जगन्नाथ टेकडी आहे. वरून पाहिले तर नुसती टेकाडाची माती. तुम्ही म्हणाल, यात काय पाहायचे? आम्हीही तेच म्हटले. पण १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारत सरकारचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून इथे खोदले, तेव्हा पोटातून बौद्ध स्तूप निघाला. दोन हजार वर्षांहून जुना. व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही थोडा जास्त. भोवतीच्या दगडी कठड्याच्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला होता आणि खाली त्याचे नावही लिहिले होते, मुचलिंद नाग. बुद्धाला पावसापासून फणा धरून वाचवणारा तो हाच.

कठड्याचे दगड कुणा एका राजाने दिलेले नव्हेत. ज्यांना जसे जमले तसे त्यांनी दान दिले आणि ब्राह्मी अक्षरांत आपले नाव कोरून घेतले. त्यात एका बाईचेही नाव आहे. आपल्या दानाने सगळ्या जीवांना सुख लाभावे, असे तिने लिहवून घेतले. ही गोष्ट मी हिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाईचं नाव? तवाच्या काळात? आपल्या सातबाऱ्यावर तं माहं नाव अजून नाई." वाचकहो, मला उत्तर सुचले नाही. तुम्हाला सुचते का पाहा.

रात्र पवनीत नातलगाकडे काढली. पहाटे गोसीखुर्दला गेलो. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्प ठरवले गेले. ३३ दारांची ती भिंत पाहून माणूस चकित होतो. फोटो काढणारी पोरे होती, भजी तळणारा होता.

हिला मात्र भिंत पाहायची नव्हती. तिला पाणी पाहायचे होते. तिचे माहेर त्या पाण्याखाली आहे. गाव उठले तेव्हा आमच्या घरी धानाची कापणी चालू होती, म्हणून मी तिला पाठवले नव्हते. चार दिवस थांबली असती कापणी, हे मला आता कळते.

काठाकाठाने आम्ही बरेच वर गेलो. उन्हाळ्यामुळे पाणी थोडे उतरले होते. चिखल वाळून भेगाळला होता, त्यात वाळकी झुडपे. ती उभी राहून बोट दाखवू लागली. "तिथं आमचा शेंद्र्या आंबा. त्याच्या पलीकडं विहीर. ते दिसते का, तिथं बारीनं मी पाणी भरत होतो." मला पाण्याशिवाय काहीच दिसत नव्हते. मी "हो, हो" म्हणत राहिलो.

नंतर नव्या गावठाणात तिच्या भावाकडे जेवलो. रस्ते सरळ, घरे एका रांगेत, पण झाडे अजून लहान, त्यामुळे सावली नाही. वहिनीने झिंगे आणि भात वाढला.

उत्तरेकडे जायचे असेल तर तुमसरजवळचा आंबागड किल्ला आणि गायमुखचे महादेवाचे देऊळ एका दिवसात होते. चांदपूरचा तलाव आणि हनुमानही जमतो. किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या सुभेदाराने बांधला. चढ बराच आहे, गुडघे दुखत असतील तर पायथ्याशीच बसा. तिकडे आम्हाला अजून जायचे आहे.

दोन दिवसांचा खर्च पेट्रोलसकट बाराशेच्या आत बसला. निघताना वहिनीने हिच्या पदरात एक पुरचुंडी बांधून दिली. जुन्या गावातल्या परसातल्या वालाचे बी, दरवर्षी पेरून जपलेले. हिने ते आल्याबरोबर राख लावून शिंक्यावर ठेवले. पहिला पाऊस पडला की गोठ्यामागे टोबणार आहे, आणि वेल चढवायला मला बांबू आणायला सांगितले आहे.