पार्लर पामचा शेंडा

जास्वंदीचा शेंडा छाटला की बगलेतून फुटवे येतात आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की रोप डेरेदार होते, हा अनुभव घरोघरी इतका दृढ झालेला आहे की तोच न्याय बैठकीतल्या पार्लर पामलाही निःशंकपणे लावला जातो. आणि ‘काटकुळा वाढला म्हणून शेंडा कापला, आता फुटवे कधी येतील?’ असा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. फुटवे येणार नाहीत. ते खोड मेलेले आहे, आणि खालची चार पाने काही आठवडे हिरवी राहतात एवढ्यावरून त्याच्या जिवंतपणाचा दाखला मिळत नाही.

मेक्सिको, ग्वाटेमाला व बेलीझ येथील अरण्यांत मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारी ही वनस्पती म्हणजे मार्टियसने १८३० साली वर्णिलेली कॅमिडोरिया एलेगन्स. उंची क्वचितच पुरुष-दीड पुरुष, खोड बोटाएवढे. परंतु अंगरचना अस्सल ताडकुळातली. या कुळात खोड जाड करणारा ऊतककर नसतो, आणि प्रस्तुत जातीत पानांच्या बगलेतल्या कळ्या फांद्या न देता फुलोरे देतात, त्यामुळे नवे पान निर्माण करण्याचा सर्व अधिकार शेंड्यातील एकाच अग्रकलिकेकडे राहतो. ज्यांना शंका असेल त्यांनी टॉमलिन्सन यांचा ताडवृक्षांच्या रचनेवरील १९९० सालचा ग्रंथ पाहावा. कोकणातल्या बागायतदाराला मात्र ग्रंथाची गरज नाही, कारण सोंड्या भुंग्याने शेंड्याचा गाभा पोखरला की माड गेला, हे त्याला पुरते ठाऊक असते.

मग कुंडीतले झाड इतके दाट कसे दिसते? कुंडीच्या काठाशी वरची माती बोटाने अलगद बाजूला सारावी. एका बुंध्याचे फुटवे न दिसता, प्रत्येकाची मुळे स्वतंत्र अशी दहा-पंधरा रोपे शेजारीशेजारी उभी दिसतील. रोपवाटिकेत अनेक रोपे एकत्र लावून हा दाटपणा साधलेला असतो. ज्याला आपल्याकडे ‘अरेका पाम’ म्हणतात त्या मादागास्करच्या झाडाला बुडातून खरोखरच फुटवे येतात, म्हणून त्याचे एक खोड कापले तरी झाड जगते, आणि या गैरसमजाला तेवढाच आधार पुरतो!

ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतात हीच पाने ‘शाते’ या नावाने पुष्पसजावटीसाठी तोडली जातात. त्यांपैकी कित्येक उत्तर अमेरिकेतल्या चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारासाठी जातात. जाणता तोडणारा मोजकीच पाने घेतो आणि मधला न उलगडलेला कोंब राखतो. म्हणूनच तेच रोप पुन्हा पाने देते.

फार उंच झालेल्या रोपावर उपाय आहे. खोडाच्या पेरांवर बारीक मुळांचे उंचवटे दिसतात. तेथे साल न काढता (काढण्याजोगी साल येथे नसतेच) ओले शेवाळ बांधून ते सतत दमट ठेवावे आणि मुळे मुबलक सुटल्यावर त्याखाली कापून शेंड्यासह वरचा भाग नव्या कुंडीत लावावा.

उरलेल्या समजुती थोडक्यात. हा पाम खोलीतली हवा शुद्ध करतो, ही समजूत नासासाठी वुल्व्हर्टन यांनी १९८९ साली बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून पसरली; ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली अशा प्रयोगांचे फेरगणित मांडले, तेव्हा इमारतीत एरवी होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असे निघाले. छायाप्रिय म्हणजे अंधारप्रिय नव्हे. खिडकीचा सौम्य उजेड हवाच. रोज पाणी घातल्याने मुळे कुजतात, वरची माती सुकल्यावरच घालावे. आणि ‘सागो पाम’ हा पाम नसून सायकस आहे: पार्लर पाम कुत्र्यामांजरांना विषारी नाही, परंतु सायकसची बी कुत्र्याने चघळली तर त्याचे यकृत निकामी होऊ शकते, तेव्हा नावाच्या साम्यावर विसंबून तो घरात आणू नये.