राजाचें लेखी वचन

प्राचीन साम्राज्यांचा इतिहास वाचतांना विद्यार्थ्यांच्या मनावर लढायांचाच ठसा विशेष उमटतो. परंतु मुलूख जिंकण्यापेक्षां तो राखणें अवघड. हें काम कसें चालत असे, तें इराणच्या प्राचीन साम्राज्याच्या उदाहरणानें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कोरेश राजानें इ. स. पूर्वी ५३९ मध्यें बाबेल घेतलें, आणि तेथें बंदिवासांत असलेल्या यहूदी लोकांस स्वदेशीं जाऊन यरुशलेमांतील मंदिर पुन्हां बांधण्याची मोकळीक दिली. पुढें दारयावेश (इ. स. पूर्वी ५२२ ते ४८६) यानें राज्यकारभाराची घडी बसविली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो कीं, त्यानें राज्याचे २० प्रांत पाडून प्रत्येकाचा कर ठरविला. प्रांताधिपतीच्या इराणी पदवीवरूनच आपल्याकडे 'क्षत्रप' हा शब्द आला. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत ती पदवी नहपान राजास लावलेली आहे. सार्दीसपासून सूसापर्यंत सुमारें १,५०० मैलांचा राजमार्ग होता. त्यावर १११ ठाणीं असून घोडेस्वार जासूद राजाचीं पत्रें पोंचवीत.

या व्यवस्थेची खरी परीक्षा एका लहानशा प्रसंगीं झाली. तो एज्राच्या पुस्तकांत वर्णिला आहे. मंदिराचें काम चाललें असतां त्या प्रांताचा सुभेदार तेथें आला व "परवानगी कोणाची?" असें विचारूं लागला. यहूद्यांनीं कोरेशाचें नांव सांगितलें. कोरेश तर केव्हांच मरण पावला होता! तथापि सुभेदारानें काम बंद न पाडतां राजास लिहून विचारलें. दप्तरांचा शोध झाला, आणि मेदी प्रांतांतील अखमथा येथें तो जुना हुकूम सांपडला. दारयावेशानें तो कायम केला, इतकेंच नव्हे, तर खर्चही सरकारी वसुलांतून देवविला. त्याच्या कारकीर्दीच्या सहाव्या वर्षीं मंदिर पुरें झालें.

हें राज्य निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. बंडखोरांस दिलेल्या क्रूर शिक्षा दारयावेशानें स्वतःच बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरवून ठेविल्या आहेत. शिकंदराच्या स्वारीनें इ. स. पूर्वी ३३० मध्यें तें साम्राज्य लयास गेलें. परंतु दुर्बलांस दिलेला शब्द मोडणें सहज शक्य असतांही राजानें आधीं दप्तर उघडून पाहिलें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. वर्गनायकाची सत्ता असो कीं घरांतील वडीलधाऱ्यांची, तिचीही परीक्षा याच ठिकाणीं होते.